ट्रेंडच्या पाठीमागे धावणारी युवासेवा

गेल्या पाच-सहा वर्षांत आमच्या धर्मग्रामांतील युवक संघांच्या बैठकांना एक नवे वळण लागले आहे. पूर्वी अशा बैठकीत विचारले जाई की आजाऱ्यांच्या भेटीस कोण गेले होते, धर्मशिक्षणाच्या वर्गास साहाय्य करण्यास कोण तयार आहे, शिबिराची वर्गणी कोणाकोणाची यावयाची राहिली आहे. आता पहिला प्रश्न असतो तो रीलचा. मागच्या रीलला व्ह्यूज किती मिळाले? आकडा हजारांत गेला असेल तर टाळ्या पडतात. शेकड्यांतच अडकला असेल तर चेहरे उतरतात, आणि मग पुढची रील कोणत्या ट्रेंडवर करावयाची याची चर्चा घटकाभर रंगते. बैठक प्रार्थनेने सुरू होते आणि प्रार्थनेनेच संपते हे खरे. पण मधल्या वेळात जे घडते त्याला युवासेवा म्हणावे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते का, हे येथे मांडावयाचे आहे.

आम्ही यंत्रांचे वैरी आहोत असा ग्रह कोणी करून घेऊ नये. ख्रिस्तसभेने नव्या माध्यमांपुढे कधी दारे लावून घेतलेली नाहीत. मार्कोनीने उभारलेल्या व्हॅटिकन आकाशवाणीवरून पोप अकरावे पायस १९३१ साली जगाशी बोलले. चित्रपटांविषयीचे त्यांचे परिपत्रक १९३६ चे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने समाजसंपर्क माध्यमांवरील आपला आदेश ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केला आणि १९६७ पासून जागतिक संपर्कमाध्यम दिन पाळला जाऊ लागला. संत जॉन पॉल दुसरे यांनी २००२ च्या संपर्कमाध्यम दिनाचा संदेश इंटरनेटलाच वाहिला होता. पोप बेनेडिक्ट सोळावे डिसेंबर २०१२ मध्ये ट्विटरवर आले तेव्हा ते पंच्याऐंशी वर्षांचे होते. आमच्या महाराष्ट्रात तर जेसुइट मिशनरींनी अहमदनगर जिल्ह्यातल्या केंदळसारख्या खेड्यातून १९०३ साली 'निरोप्या' सुरू केला. तेव्हा "फादरांना नवे काही रुचत नाही" हा आक्षेप येथे लागू पडत नाही. आमचा वाद माध्यमाशी नाही. तो ट्रेंडशी आहे, आणि या दोहोंतला भेद आमच्या उत्साही कार्यकर्त्यांच्या ध्यानी अद्याप आलेला नाही.

ट्रेंड म्हणजे काय हे ज्येष्ठ वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगावयास हवे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह एकोणसाठ चिनी अॅपवर बंदी घातली, आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात 'रील्स' आणल्या. आरंभी ही चित्रफीत पंधरा सेकंदांची असे. जानेवारी २०२५ पासून ती तीन मिनिटांपर्यंत करता येते, पण बहुतेक मंडळी अर्ध्या मिनिटातच आटोपतात. कोठल्या तरी गाण्याचा एक तुकडा, कोठल्या तरी मालिकेतला एखादा संवाद, किंवा हातापायांच्या चार ठराविक हालचाली लोकप्रिय होतात. मग लक्षावधी माणसे त्याच तुकड्यावर तेच ओठ हलवतात, तेच हात फिरवतात. पाहणारा किती वेळ थांबला, कोठे पुढे सरकला, काय पुन्हा पाहिले, याची नोंद कंपनीचे यंत्र ठेवते आणि ज्यावर माणसे थांबतात ते अधिकाधिक लोकांपुढे लोटते. कारण माणूस जितका वेळ थांबेल तितक्या जाहिराती त्याला दाखविता येतात. आठ-दहा दिवसांत तो तुकडा शिळा होतो आणि दुसरा येतो. म्हणून ट्रेंड 'पकडावा' लागतो. ही सर्व धावपळ त्या 'पकडण्या'ची आहे.

आता भेद पाहा. आकाशवाणीवरून पोपमहोदय बोलले ते स्वतःचे शब्द बोलले. 'निरोप्या'ने छापले ते संपादकांनी निवडलेले शब्द होते. माध्यमाने निरोप वाहून नेला, निरोप बदलला नाही. ट्रेंडमध्ये मात्र आवाज दुसऱ्याचा, चाल दुसऱ्याची, विनोदाचा साचाही दुसऱ्याचा. आमच्या मुलामुलींनी द्यावयाचा तो केवळ चेहरा. वर कोपऱ्यात एखादे बायबलवचन चिकटवले म्हणजे ती सुवार्ता झाली, अशी समजूत करून घेतली जाते. एका सिनेमातल्या प्रियकराच्या आर्जवावर वेदीसेवक मुले ओठ हलवीत आहेत आणि खाली 'येशू तुझी वाट पाहतो' असे लिहिले आहे, अशी रील आम्ही पाहिली. पाहणाऱ्याच्या मनात मागे काय उरते? गाणे उरते.

यावर हमखास येणारे उत्तर असे: "तरुण जेथे आहेत तेथे आपण गेले पाहिजे." वाक्य बिनतोड वाटते. आमच्या वसईच्या वाडवडिलांनीही हेच केले. पहाटेच्या गाडीने भाजी, फुले, केळी, पाने घेऊन ते मुंबईच्या बाजारात गेले, कारण गिऱ्हाईक तेथे होते. परंतु पाटीत माल स्वतःच्या वाडीतला होता. बाजारात रिकामी पाटी घेऊन जावे, तेथे जो माल हाती देतील तोच ओरडून विकावा आणि घरी येऊन सांगावे की आज बाजारात फार गर्दी जमवली, असा व्यवहार कोणा आजीने केला असता तर तिला घरात काय ऐकावे लागले असते, हे आम्ही सांगावयास नको.

दुसरे उत्तर अधिक विद्वत्तेचे असते, आणि ते देणाऱ्यांत आमचे काही धर्मगुरुबंधूही आहेत. ते म्हणतात, फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवी वापरलीच ना? हिंदू पुराणांचा लोकप्रिय छंद उचलून त्यांनी ख्रिस्तकथा सांगितली. मग ओवी चालते तर रील का चालू नये? या युक्तिवादाचा परामर्श घेणे अगत्याचे आहे, कारण 'क्रिस्तपुराण' हा आम्हा सर्वांचा अभिमान आहे आणि त्याची अशी वाटेल तेथे साक्ष काढली जाऊ नये. स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. 'क्रिस्तपुराण' छापून झाले १६१६ साली, राशोल येथे. मध्ये सदतीस वर्षे गेली. ती वर्षे त्यांनी साष्टीतल्या खेड्यांत, लोकांच्या बोलण्याच्या लकबी ऐकण्यात, मराठीचे आणि तेथल्या ब्राह्मणांच्या भाषेचे वळण आत्मसात करण्यात घालविली. मग सुमारे अकरा हजार ओव्या लिहिल्या. ओवी हा छंद त्यांनी घेतला, पण ओवीतला प्रत्येक शब्द त्यांना स्वतः शोधावा लागला. शिवाय ओवी हा छंद शेकडो वर्षे टिकलेला. जात्यावर, कीर्तनात, मठात मुरलेला. ऐकणारा बसून ऐके, पुनःपुन्हा ऐके, आणि अर्थ त्याच्यात उतरे. आठवड्यात शिळ्या होणाऱ्या तुकड्याशी त्याची तुलना करणे म्हणजे राजेळी केळी आठवडाभर उन्हात वाळवून केलेल्या सुकेळीची पुडीतल्या वेफरशी तुलना करणे होय. दोन्ही केळ्याचीच, एवढेच काय ते साम्य.

खरे म्हणजे आमच्या युवकांपैकी कोणी स्वतःच्या बोलीत, सामवेदीत वा वाडवळीत, एखादी ख्रिस्तकथा स्वतः रचून तीन मिनिटांत सांगितली, तर आम्ही तीस स्टीफन्सची वारस म्हणू. अशी रील आमच्या पाहण्यात अपवादानेच आली. ती करावयास श्रम लागतात आणि तीस व्ह्यूज मिळत नाहीत.

येथे आम्ही या प्रकरणाच्या गाभ्याशी येतो, तो म्हणजे मोजणी. प्रभूला अरण्यात जी तीन प्रलोभने आली त्यांतले मंदिराच्या कडेवरचे प्रलोभन (मत्तयने ते दुसरे म्हणून दिले आहे, लूकने तिसरे) आम्हास या संदर्भात पुनःपुन्हा आठवते. खाली यरुशलेमच्या मंदिराचे प्रांगण, वर उंच कडा. उडी टाकावी, देवदूतांनी झेलावे. आजच्या भाषेत याहून 'व्हायरल' होणारे दृश्य कल्पिता येणार नाही. एका क्षणात सारे यरुशलेम पायाशी आले असते. प्रभूने ती उडी टाकली नाही, आणि त्यानंतर तीन वर्षे तो गावोगाव पायी चालला. कफर्णहूममध्ये लोक त्याला शोधीत आहेत असे शिमोनाने उत्साहाने येऊन सांगितले, तेव्हा तो तेथे न परतता दुसऱ्या गावांकडे निघाला. कुष्ठरोगी बरा झाला, त्याला सांगितले की कोणाला सांगू नकोस. याईराच्या मुलीला उठविले त्या प्रसंगी त्याने आधी गर्दीला बाहेर काढले, आईबाप आणि तीन शिष्य एवढ्यांनाच आत घेतले. आणि ती उठल्यावर ही गोष्ट कोणाला कळू नये असे बजावून, मुलीला काही खावयास द्या, असे सांगितले. भाकरीच्या चमत्कारानंतर हजारोंची गर्दी जमली होती. जीवनाच्या भाकरीचे कठीण प्रवचन केल्यावर ती पांगली, आणि प्रभूने तिला परत बोलावण्यासाठी प्रवचन सोपे केले नाही. आमच्या युवक संघाच्या हिशेबात हे सर्व अपयशच ठरले असते.

आमच्या विरोधकांच्या हाती गेल्या वर्षापासून एक नवे नाव आले आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुतिस या मुलाला संत म्हणून घोषित केले आणि इंटरनेटचा संत म्हणून त्याची चित्रे आमच्या युवा सभागृहांत लागली. ती लागावीत, आम्हास आनंदच आहे. परंतु कार्लोने काय केले ते कोणी वाचील काय? १९९१ मध्ये लंडनला जन्मलेला आणि मिलानमध्ये वाढलेला हा मुलगा १२ ऑक्टोबर २००६ रोजी रक्ताच्या कर्करोगाने पंधराव्या वर्षी वारला. त्या वेळी इन्स्टाग्राम जन्मालाही आले नव्हते. संगणकावर त्याने जे प्रदर्शन उभे केले ते पवित्र साक्रामेंताच्या चमत्कारांचे; महिनोन्महिने माहिती गोळा करून, तपासून, मांडून. त्यात त्याचा स्वतःचा चेहरा मध्यभागी नाही. तो रोज मिस्साला जाई, आणि संगणकीय खेळांसाठी त्याने स्वतःला आठवड्याचा एकच तास ठरवून दिला होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली युवकांना लिहिलेल्या 'ख्रिस्त जिवंत आहे' या पत्रात त्याचे उदाहरण दिले ते नेमके याच मुद्द्यावर: वेगळे दिसण्याच्या धडपडीत मुले अखेर एकमेकांसारखीच होऊन बसतात, हे कार्लोने ओळखले होते. एकाच गाण्यावर एकाच तऱ्हेने हात हलविणाऱ्या मुलांच्या मागे भिंतीवर त्याच संताचे चित्र लावावे, यातला विरोधाभास आमच्या मंडळींना जाणवत नाही याचे नवल वाटते.

आता एक घडलेली गोष्ट. धर्मग्रामाचे नाव सांगण्याची गरज नाही. गायनवृंदातल्या सोळा वर्षांच्या एका मुलीला नाताळच्या सुमारास गव्हाणीपुढे एका ट्रेंडवर नाचावयास सांगितले गेले. ती मूळची संकोची; पण संघातल्या ताईदादांना नाही म्हणणे तिला जमले नाही. रील टाकली गेली, आणि आकडा कधी नव्हे इतका वर गेला. का गेला, हे दोन दिवसांनी कळले. ती कोणी अनोळखी माणसांनी उचलून दुसरीकडे नेली होती, आणि खाली तिच्या शरीराविषयी आणि आमच्या धर्माविषयी जे लिहिले होते ते येथे छापता येणार नाही. शाळेच्या व्हॉट्सअॅप गटात ते फिरले. युवक संघाने रील काढून टाकली, वादग्रस्त मजकुराबद्दल खेद व्यक्त करणारे दोन ओळींचे निवेदन टाकले, आणि विषय संपला असे मानले. मुलगी गायनवृंदातून गेली. मग रविवारच्या मिस्सातूनही गेली.

तिच्या घरी कोण गेले? हजारो व्ह्यूजपैकी कोणी नाही, संघातलेही कोणी नाही. त्यांना अवघडल्यासारखे होत होते, असे ते म्हणाले, आणि ते खरेही असावे. गेल्या त्या तिच्या लहानपणच्या धर्मशिक्षिका, निवृत्त, गुडघ्यांनी अधू. वाडीतली भाजी देण्याच्या निमित्ताने त्या दर बुधवारी जात, तिच्या आईशी बोलत बसत, मुलगी खोलीतून बाहेर आली तर तिच्याशी बोलत, न आली तर उठून येत. असे पाच महिने चालले. एके दिवशी मुलगी त्यांना फाटकापर्यंत सोडावयास आली. पुढचे आम्ही सांगणार नाही, कारण ते तिचे आहे. या पाच महिन्यांचे चित्रण कोठे नाही. आमच्या मते त्या धर्मग्रामात त्या वर्षी युवासेवा झाली ती एवढीच.

हा अपवादात्मक प्रसंग आहे, त्यावरून सर्वांना दोष देऊ नये, असे म्हटले जाईल. आम्ही विचारतो, सहलीला नेताना बसमध्ये बसविण्यापूर्वी पालकांची सही घेणारे आम्ही, तीच मुले साऱ्या जगापुढे उभी करताना कोणाची सही घेतो? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरविली आहे. त्याची नियमावली नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली असून ती टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहे. ऑस्ट्रेलियात तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना अशा समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यासच मनाई झाली. धर्मग्रामाच्या फोनपर्यंत आमचा कायदा कसा पोहोचतो हे वकील सांगतील. पण जगातली सरकारे मुलांना ज्या दारापासून मागे खेचू पाहत आहेत त्याच दारातून ख्रिस्तसभेने त्यांना हात धरून आत न्यावे, हे चित्र काही शोभादायक नाही.

उपासनेविषयी थोडक्यात. शुभ शुक्रवारी क्रूसाच्या वाटेचे सादरीकरण चालू असता ड्रोन खाली येईना म्हणून प्रभूची भूमिका करणाऱ्या युवकाला तिसऱ्यांदा पडावयास लावले जाते. लोक गुडघ्यांवर आहेत, आणि कोणी तरी ओरडते की पुन्हा एकदा. आजारी आणि वृद्ध यांच्यासाठी एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्यातून मिस्सा दाखविणे निराळे. टाळेबंदीच्या काळात आम्ही सर्वांनीच त्याचा आधार घेतला. आराधनेच्या वेळी गुडघे टेकलेल्या मुलीच्या चेहऱ्यासमोर फोन धरणे निराळे. प्रभूने खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करावयास सांगितले, ते दार आम्हीच उघडून देत आहोत. आणि ती मुलगी पुढच्या वेळी गुडघे टेकेल तेव्हा आपण कशा दिसतो हा विचार तिच्या मनात येणार नाही, याची हमी कोण देईल? रोमच्या संपर्क विभागाने मे २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील जे चिंतन प्रसिद्ध केले, ते उदार आहे, युवकांना या क्षेत्रात उतरावयास उत्तेजन देणारे आहे. पण पडद्यातून एकत्र जेवता येत नाही, हे तेही स्पष्ट म्हणते.

"मग तरुण येणार कसे?" हा प्रश्न उरतो, आणि तो खोटा नाही. दृढीकरणानंतर मुले दिसेनाशी होतात. बारावीनंतर क्लास, मग नोकरी, मग कॅनडा नाही तर आखात. आमच्या कार्यकर्त्यांना रील करावीशी वाटते ती या भीतीपोटी, उथळपणापोटी नव्हे. हे आम्ही जाणतो आणि त्यांच्या तळमळीविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु रील पाहून कोणी युवक मिस्साला येऊ लागला असे एकही नाव आजवर आम्ही विचारले त्या संघांना सांगता आले नाही. आलेल्यांना विचारले तर ते सांगतात की एक मित्र घेऊन आला. आजी वारली तेव्हा फादर तीनदा घरी आले. शिबिरात रात्री कोणाशी तरी बोलणे झाले. अशी उत्तरे ऐकली की युवासेवेचा वेळ आणि पैसा कोठे जावयास हवा हे कळते. एका संध्याकाळच्या चित्रणाला लागणारे चार तास धर्मगुरूने शनिवारी पापनिवेदनाच्या जागी बसून काढले, तर पहिल्या महिन्यात कोणी येणार नाही. दुसऱ्या महिन्यात एखादा येईल.

आमच्या सूचना आहेत त्या अशा, आणि त्या धर्मग्राम परिषदांनी उपवासकाळापूर्वीच्या बैठकीत चर्चेस घ्याव्यात. अठरा वर्षांखालील कोणाचाही चेहरा धर्मग्रामाच्या खात्यावर पालकांच्या लेखी संमतीवाचून जाऊ नये, आणि मुलाने स्वतः नको म्हटले तर पालकांच्या संमतीनेही जाऊ नये. ट्रेंडवरची रील धर्मग्रामाच्या नावाने होऊ नये. ज्यांना चित्रफिती करावयाच्या आहेत त्यांनी स्वतःचे शब्द लिहावेत, आणि विषय हवा असेल तर गावागावांतल्या आज्यांकडे जावे, त्यांची लग्नगीते, नाताळची गाणी, उपवासकाळातल्या प्रार्थना त्यांच्याच आवाजात नोंदवून घ्याव्यात. दहा वर्षांनी हे आवाज मिळणार नाहीत. उपासना चालू असता मंदिरात ठराविक एका कॅमेऱ्याखेरीज चित्रण नसावे. व्ह्यूजचा आकडा बैठकीच्या अहवालात, आणि वेदीवरून तर मुळीच, वाचला जाऊ नये. त्या जागी गेल्या महिन्यात न दिसलेल्या युवकांची नावे वाचावीत, बैठकीच्या बंद दाराआड, आणि प्रत्येक नावापुढे कोण जाणार ते लिहून घ्यावे. जुन्या खात्यांवर आज ज्या मुलांच्या रील आहेत, त्यांच्या पालकांना एकेक फोन करून विचारावे. ज्यांचा पत्ता लागत नाही, त्यांच्या रील काढून टाकाव्यात.